सुवर्णाचा वानवळा

सुवर्णा मौलेच्या ओट्यावरून कुणी रिकाम्या हाताने गेला, असं मखमलाबादच्या शिवारात सांगितलं तर ऐकणारा हसेल. मीटरचं रीडिंग घ्यायला येणारा माणूस जाताना मेथीची जुडी घेऊन जायचा. गॅसची टाकी आणणाऱ्याच्या गाडीत कोथिंबीर दिसायची. एकदा एक कुरिअरवाला पत्ता चुकून आला, तर हिने त्याला पत्ता सांगितला आणि वर वांगी दिली. ती पिशवी हातात धरून तो बिचारा बराच वेळ गाडीपाशी घोटाळत राहिला, किती द्यायचे ते विचारावं की नाही या विचारात. मळ्यात जे निघेल ते आधी चार घरी जायचं आणि मग मार्केटला. याला वानवळा म्हणतात, आणि वानवळ्याची परतफेड मागायची नसते. तिच्या चांदवडच्या माहेरीही हीच रीत होती. नवा कांदा निघाला की पाटीभर गल्लीत वाटल्याशिवाय तिचा बाप गाडी भरत नसे. सुवर्णाला वाटायचं, सगळं जग असंच चालतं.

जग असं चालत नाही हे तिला शाळेने शिकवलं. तिला, म्हणजे आईला. पोरीला शाळेने काय शिकवलं ते पुढे येईलच.

पोरीचं नाव हर्षाली. आठ वर्षांची, हडकुळी, कायम कशाकडे तरी टक लावून बघणारी. मूल हुशार निघालं की आईबापांना आनंद होतो म्हणतात. असं म्हणणाऱ्यांनी हर्षालीला आठवडाभर सांभाळून बघावं. चार वर्षांची असताना ती बियाण्याच्या पाकिटावरचं वाचायला लागली, आणि कुणी शिकवलं विचारलं तर कुणीच नाही. बापाच्या टेम्पोत पुढे बसली की समोरच्या गाडीचा नंबर बघून म्हणायची, ‘पप्पा, याला तेरानं भाग जातो.’ तिचा बाप समाधान दहावीला दोनदा बसलेला माणूस. तो म्हणायचा, ‘बरं, जाऊ दे.’

मागच्या दसऱ्याच्या आधी ओट्यावर झेंडूचा ढीग पडला होता. हर्षालीने एक फूल मांडलं. त्याच्या दोन बाजूंना आणि कोपऱ्यात मिळून तीन मांडली, चौकोन झाला. त्या चौकोनाच्या दोन कडांनी पाच मांडली, पुन्हा चौकोन. मग सात. ‘मम्मी, बघ ना! कितीपण लाव, चौकोनच होतो. आणि का होतो ते मला कळलंय!’ ती धापा टाकत होती. सुवर्णाला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण पोरीचं तोंड कळलं. तिने तो चौकोन संध्याकाळपर्यंत कुणाला मोडू दिला नाही. लंकाबाईंना, म्हणजे तिच्या सासूबाईंना, त्याला वळसा घालून जावं लागलं. त्या बडबडल्या, पण वळसा घालून गेल्या.

शाळेत मात्र या पोरीचं काय करायचं ते कुणाला कळेना. पहिली गावातली शाळा. तिथले गुरुजी बरे होते, पण एका खोलीत दोन इयत्ता आणि वर सदानकदा कुठलं तरी सरकारी काम त्यांच्या गळ्यात. मग लोकांनी सांगितलं म्हणून इंग्लिश मीडियमला घातली. तिथे वर्गशिक्षिका फळ्यावर वजाबाकी शिकवत होत्या. म्हणाल्या, तीनातून पाच जात नाहीत. हर्षाली उभी राहून म्हणाली, ‘जातात बाई. दोन कमी पडतात.’ वर्ग हसला. बाईंना वाटलं, पोरगी आपल्याला हसते आहे. त्या दिवशी हर्षाली वर्गाबाहेर उभी राहिली, आणि नंतर अधूनमधून राहतच गेली. कधी विचारल्याबद्दल, कधी गणितं सगळ्यांच्या आधी संपवल्याबद्दल. एखाद्या लेकराने काम आधी संपवलं तर त्याला बाहेर काढणारी माणसं या जगात आहेत आणि त्यांना पगार मिळतो.

पालकसभेत त्याच बाईंनी सुवर्णाला समजावलं, ‘तिला घरी इतकं पुढचं शिकवू नका हं. मग ती वर्गात डिस्टर्ब करते.’

‘आम्ही काय शिकवणार बाई?’ सुवर्णा म्हणाली. ‘आम्हालाच ती शिकवती.’

बाईंना हे उद्धट वाटलं.

मग हर्षालीचं पोट दुखायला लागलं. रोज सकाळी, शाळेचा बूट पायात घालताना. रविवारी दुखत नसे. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि जंताचं औषध दिलं. जंत शाळेत होते, त्याला काय औषध देणार?

त्या उन्हाळ्यात सुवर्णा समाधानच्या मोटारसायकलवर मागे बसून निम्मं नाशिक फिरली. गंगापूर रोड, पंचवटी, पार दिंडोरी रोडपर्यंत. ज्या शाळेत जाईल तिथे तिचं एकच विचारणं असायचं. ‘तुमच्याकडं पोरीचं ऐकून घेईल अशी बाई हाय का?’ काउंटरवरच्या टापटीप मुली आधी गोंधळायच्या आणि मग तिला शाळा दाखवायला न्यायच्या. पोहायचा टँक दाखवायच्या, थंडगार वर्ग दाखवायच्या. एका ठिकाणी तर घोडा दाखवला. घोडा चांगला होता. बाहेर येऊन सुवर्णा समाधानला म्हणाली, ‘एवढ्या शाळेत ऐकून घेईल असा तो घोडाच दिसला.’ आणखी एका शाळेत साहेबांनी हर्षालीला पाचसहा प्रश्न विचारले, खूश झाले आणि म्हणाले, ‘हिला आपण सगळ्या परीक्षांना बसवू. चौकात हिचा फ्लेक्स लागेल बघा.’ पोरीला काय हवंय ते त्यांनीही विचारलं नाही. पोरगी म्हणजे त्यांना जत्रेत मिरवायचा बैल वाटली असावी.

शेवटी जी शाळा मिळाली तिचं नाव सांगून उपयोग नाही, तुम्ही म्हणाल आमचीही अशीच आहे. सुवर्णा तिथल्या ऑफिसात बसली होती आणि हर्षाली बाहेर व्हरांड्यातल्या फरश्यांकडे बघत उभी होती. तिसरीच्या वर्गातून एक बाई बाहेर आल्या. साधी कॉटनची साडी, हाताला खडू लागलेला. त्या हर्षालीशेजारी चक्क उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, ‘काय दिसतंय गं तुला?’ हर्षाली बोलायला लागली. ती किती तरी वेळ बोलत होती. त्या बाईंनी मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, ‘मला हे येत नाही बघ. पण मला परत एकदा सांग, सावकाश.’

या साधना मॅडम. वर्गशिक्षिका नव्हेत, मदतनीस. मुलांच्या वह्या गोळा करायच्या, मागे पडलेल्याला पुढे आणायचं, कुणाला उलटी झाली तर पुसायचं, अशी त्यांची नोकरी, आणि तीही कच्ची. सुवर्णाने तिथल्या तिथे प्रवेश घेतला. घोडा आहे का, हे विचारलंसुद्धा नाही.

साधना मॅडमनी जादू वगैरे काही केली नाही. त्यांनी वर्गशिक्षिकेला गोडीगुलाबीने पटवलं, की हर्षालीचं काम संपलं की तिला मागच्या बाकावर माझ्याजवळ बसू द्या. ग्रंथालयातून सहावीचं गणिताचं पुस्तक आणलं आणि तिच्याबरोबर स्वतःही वाचलं. एक गोष्ट मात्र त्यांनी शिकवली जी आजवर कुणी शिकवली नव्हती, थांबायला. ‘मी आधी सगळ्यांचं बघते, मग तुझ्याकडं येते. तोवर प्रश्न धरून ठेव, सोडू नको.’ आणि त्या यायच्या. आठ वर्षांच्या लेकराला आणखी काय पाहिजे असतं? मोठं माणूस येते म्हणालं आणि आलं.

हर्षालीचं पोट दुखायचं थांबलं. डबा रिकामा परत यायला लागला. सुवर्णा डबा धुताना उगाच हसायची.

आता सुवर्णाच्या पोरीचं एवढं कुणी करतंय आणि सुवर्णा गप्प बसेल? आषाढातल्या एका शनिवारी ती शाळेच्या गेटवर पिशवी घेऊन उभी राहिली. कोथिंबीर, दोडकी, वर कोवळी मेथी. साधना मॅडम स्कूटीवरून निघाल्या होत्या.

‘नको ताई,’ त्या म्हणाल्या. ‘इथं घेता येत नाही आम्हाला. खरंच नको.’

सुवर्णाचा चेहरा पडला. तिच्या गावात वानवळा परत करणं म्हणजे संबंध तोडणं. भावकीत भांडणं लागली की तेवढ्यापुरता तो परत येतो, एरवी नाही. ‘मॅडम, वानवळा नाय म्हणायचा नसतो,’ असं म्हणून तिने पिशवी स्कूटीच्या हँडलला अडकवली आणि मागे वळून न बघता निघाली. पुढच्या शनिवारी पुन्हा उभी. मग साधना मॅडमनी नको म्हणायचं सोडून दिलं. दर वेळी त्या इकडेतिकडे बघायच्या आणि पटकन स्कूटी काढायच्या. सुवर्णाला वाटायचं, मॅडम लाजाळू आहेत.

लपवायचं काही नव्हतंच, म्हणून ती लपून देत नव्हती. भर गेटवर, सगळ्या आयांच्या देखत. त्यातच पायलची आई होती. पायल हर्षालीच्या वर्गातली. या बाईंनी स्वतः सुवर्णाकडून दोनदा मेथी नेली होती आणि पराठे फार छान झाले म्हणून सांगितलं होतं. मेथी त्यांना पचली, साधना मॅडमची पिशवी काही पचली नाही. गणपती उठल्यावर पालकांच्या ग्रुपवर स्कूटीचा फोटो पडला, हँडलला पिशवी, पिशवीतून डोकावणारी दोडकी. खाली लिहिलं होतं, काही मुलांकडेच स्पेशल लक्ष का दिलं जातं याचं उत्तर. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. राग भाजीचा नव्हता हो. राग होता तो मागच्या बाकाचा. आपल्या लेकराला न मिळालेलं दुसऱ्याच्या लेकराला मिळतंय, आणि तेही भाजीवाल्याच्या, हे खरं दुखणं. पण तसं लिहिता येत नाही, दोडक्याचा फोटो टाकता येतो.

मोठ्या मॅडमनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सुवर्णाला बोलावलं. साधना मॅडम कोपऱ्यात उभ्या होत्या, त्यांना बसायला सांगितलेलं नव्हतं.

‘टीचर्सना गिफ्ट देणं आमच्या पॉलिसीत बसत नाही,’ मोठ्या मॅडम म्हणाल्या.

‘गिफ्ट नाय ओ मॅडम. वानवळा हाय.’

‘तेच ते.’

‘तेच कसं? गिफ्ट इकत आणत्यात. हे आमच्या रानातलं हाय. मी तर सगळ्यांनाच देती. तुमच्या वॉचमनला इचारा.’

मोठ्या मॅडमनी वॉचमनचं नाव लिहून घेतलं. साधना मॅडमनी डोळे मिटून घेतले. सुवर्णाने ते पाहिलं, पण त्याचा अर्थ तिला लागला नाही.

घरी येऊन तिने विचार केला, आणि तिच्या डोक्यात जे आलं ते मखमलाबादच्या माणसाच्याच डोक्यात येऊ शकतं. वानवळ्यावरून गावात रुसवेफुगवे होतातच. शेजारच्याला दिलं, मला का नाही, म्हणून माणूस फुगून बसतो. त्याच्यावर उपाय ठरलेला, त्याच्याही घरी पाटी पाठवायची. पाटी गेली की तोंड गोड आणि विषय संपला. तिने समाधानला सांगितलं, ‘उद्या टेम्पो शाळेवरून घ्या.’

‘येडी का काय तू?’ समाधान म्हणाला. ‘आधीच बोंब झालीय.’

‘एकटीला दिलं म्हणून डोळ्यावर आलं. समद्यांना दिलं की कुणाच्या डोळ्यावर येतंय?’

समाधानला हे चुकीचं वाटलं, पण कुठे चुकतंय ते सांगता येईना. तोही त्याच मातीतला. सकाळी त्याने टोमॅटो, भोपळे, मेथी, कोथिंबीर असे भाजीचे भरलेले कॅरेट ऑफिसच्या पायऱ्यांवर उतरवले. सुवर्णा पदर खोचून उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला म्हणाली, ‘घ्या मॅडम, समद्यांसाठी हाय.’ मोठ्या मॅडम बाहेर आल्या, त्यांनी कॅरेटकडे पाहिलं, सुवर्णाकडे पाहिलं, आणि मोबाईलवर फोटो काढला. सुवर्णाला वाटलं, कौतुकाने काढला.

संध्याकाळी समाधान कॅरेट परत आणायला गेला तेव्हा ते रिकामे होते. कोथिंबिरीची काडी उरली नव्हती. स्टाफरूममधल्या एका बाईने तर कढीपत्ता नाही का आणला, असंही विचारलं. पुरावा ऑफिसात आला, त्याचा फोटो निघाला आणि मग पुरावा वाटून घेऊन सगळे घरी गेले. ज्यांनी नको नको म्हणत पिशवी घेतली होती, त्या साधना मॅडमना सांगण्यात आलं की सोमवारपासून येऊ नका. कॅरेट आणून पालक मॅनेजमेंटवरच दबाव आणायला लागले, इथपर्यंत प्रकरण गेलंय म्हणे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी देतात, आणि फाशी देऊन झाल्यावर टोमॅटोचं सार करतात.

सोमवारी हर्षाली घरी आली आणि दप्तर न काढताच ओट्यावर बसली. ‘साधना मॅडम येते म्हणाल्या होत्या,’ एवढंच बोलली.

सुवर्णा म्हसरूळला साधना मॅडमचं घर शोधत गेली. निघताना सवयीने पिशवी भरली होती. उंबऱ्यातून परत आली आणि ती पिशवी तिने पालथी केली. जन्मात पहिल्यांदा ती कुणाच्या घरी मोकळ्या हाताने गेली, आणि वाटभर ते हात कुठे ठेवावेत हे तिला कळेना. साधना मॅडमनी चहा केला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘दुसऱ्या शाळेत बघतेय,’ त्या म्हणाल्या. ‘पण तिथले लोक फोन करून चौकशी करतात आधीच्या शाळेत. बघू.’

‘मी येती मॅडम तुमच्यासंगं. मी सांगती त्यांना.’

‘नको,’ साधना मॅडम एकदम म्हणाल्या. मग कपाकडे बघत हळू आवाजात बोलल्या, ‘मी पहिल्या दिवशीच नको म्हटलं होतं, ताई.’

पोरीचं ऐकून घेईल अशी बाई शोधत जी उन्हातान्हात नाशिकभर फिरली, तिने ती बाई सापडल्यावर तिचा एक साधा ‘नको’ ऐकून घेतला नव्हता. चहा तिने संपवला, तो गार झाला होता. साधना मॅडमनी हर्षाली कशी आहे विचारलं आणि ती बरी आहे असं सुवर्णा खोटं बोलली.

साधना मॅडमच्या जागी नवी मदतनीस आली. ती वह्या गोळा करते आणि उरलेल्या वेळात मोबाईल बघते. तिच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. हर्षालीचा मागचा बाक गेला, ती मधल्या रांगेत बसायला लागली. पोट पुन्हा दुखेल या धास्तीने सुवर्णा रोज सकाळी बूट घालताना तिच्याकडे बघत बसायची, पण पोट दुखलं नाही. पालकसभेत वर्गशिक्षिकेने सुवर्णाला हसून सांगितलं, ‘हर्षाली आता एकदम शहाणी झालीये. काही विचारत नाही, काही नाही. बसलीये हेसुद्धा कळत नाही.’ दोनचार गणितं चुकली होती, ती दाखवत त्या म्हणाल्या, ‘इतकं चालतं. नॉर्मल आहे.’ पोट का दुखत नाही, ते सुवर्णाला तिथे उभ्या उभ्या कळलं. शाळेचा त्रास संपला होता, कारण शाळेत जाणारी ती पोरगीच आता उरली नव्हती.

दसरा आला. ओट्यावर झेंडूचा ढीग पडला, टेम्पो भरायचा होता, समाधान घाई करत होता. सुवर्णा खाली बसली. तिने एक फूल मांडलं. तीन मांडली, पाच मांडली. तिच्या हातचा चौकोन जरा वाकडाच झाला.

‘हर्षे, इकडं ये. हे बघ. एक, मंग तीन, मंग पाच. आता पुढं किती लावू?’

हर्षाली दारात उभी राहिली. तिची नजर चौकोनाच्या दोन्ही कडांवरून फिरली आणि ओठ किंचित हलले. सुवर्णाने ते पाहिलं.

‘मला नाही माहीत,’ हर्षाली म्हणाली.

‘तुला म्हाईत हाय.’

पोरगी दाराची कडी चाळवायला लागली.

‘सांग ना बाई. इथं कोण हाय दुसरं? सांगितलं तर काय व्हतंय?’

‘मॅडम जातात,’ हर्षाली म्हणाली आणि आत निघून गेली.

लंकाबाई रिकामं कॅरेट घेऊन बाहेर आल्या. वाकडा चौकोन दिसल्यावर कुणी काही न सांगता त्यांनी त्याला वळसा घातला. सुवर्णा सासूला म्हणाली, ‘जाऊ द्या आत्या, या सरळ.’ आणि तिने दोन्ही हातांनी ती फुलं गोळा करून कॅरेटमध्ये टाकली.